मालिकेचा पहिला खंड आणि नेड स्टार्कचं मरण

प्रश्न: मध्ययुगीन वळणाच्या कल्पित जगावर पाच खंडांची कादंबरीमालिका मराठीत लिहिते आहे. पहिल्या खंडाचा खर्डा सहाशे पानांचा झाला. ज्यांनी वाचला त्यांचं म्हणणं एकच: जग छान उभं राहिलंय, पण गोष्ट सुरूच होत नाही. मी त्यांना ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’चा दाखला दिला. तिथेही शेकडो नावं आहेत, सुरुवात संथ आहे आणि गोष्ट पुढच्या खंडांत जाते. मग ते चालतं आणि माझं का चालत नाही?

उत्तर: तुम्ही दिलेला दाखला तुमच्या वाचकांच्या बाजूने साक्ष देतो. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये गोष्ट पुढच्या खंडांत जाते हे खरं, पण त्याआधी त्या खंडात एक गोष्ट संपूर्ण घडते आणि संपते. बहुखंडी कादंबऱ्यांची हस्तलिखितं मी बरीच वर्षं संपादित करतो आहे, आणि त्यातली जी पहिल्याच खंडात आपटतात त्यांचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. लेखकाला पुढचे चार खंड दिसत असतात, म्हणून तो पहिल्या खंडाला तयारीचा खंड समजतो. वाचकाच्या हातात मात्र तेवढाच खंड असतो. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या दृष्टीने उघडून पाहू या. पुढे शेवटापर्यंतचं सगळं सांगणार आहे, तेव्हा कुणी ते अजून वाचलं नसेल तर आधी वाचावं आणि मग इथे परत यावं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी हे लिखाण १९९१च्या उन्हाळ्यात सुरू केलं आणि पुस्तक ऑगस्ट १९९६ मध्ये आलं. एक उपोद्घात आणि त्यानंतर बहात्तर प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव, आणि त्या प्रकरणात आपण फक्त त्या पात्राच्या डोळ्यांनी पाहतो. अशी पात्रं आठ. त्यात नेड, म्हणजे एडार्ड स्टार्कच्या वाट्याला पंधरा प्रकरणं आहेत, सगळ्यांत जास्त. ही पंधरा प्रकरणं आणि त्याची धाकटी मुलगी आर्या हिचं पाचवं प्रकरण एवढंच काढून सलग वाचा. एक आखीव शोकांतिका हाती येते. उत्तरेतला एक सरळ सरदार जुन्या मित्राच्या, म्हणजे राजाच्या आग्रहाखातर राजधानीत मुख्य प्रधान म्हणून जातो. आधीचा प्रधान कसा मेला याचा छडा लावू पाहतो. राणीची मुलं राजाची नाहीत हे त्याला कळतं. मुलांचा जीव जाऊ नये म्हणून तो राणीला आधी सावध करतो आणि पळून जायला अवधी देतो. त्याच अवधीत राजा शिकारीत जखमी होऊन मरतो, नेड पकडला जातो, मुलीचा जीव वाचावा म्हणून भर लोकांत खोटा कबुलीजबाब देतो, आणि तरीही त्याचं डोकं उडवलं जातं. यातलं काहीही दुसऱ्या खंडावर ढकललेलं नाही.

आता पहिलं प्रकरण आठवा. नेडचा सात वर्षांचा मुलगा ब्रॅन पहिल्यांदाच शिरच्छेद बघायला वडिलांबरोबर गेला आहे. नेड उत्तरेच्या भिंतीवरच्या एका पळपुट्या पहारेकऱ्याला स्वतःच्या हातांनी, ‘आइस’ या घराण्याच्या तलवारीने मारतो. शिक्षा ज्याने फर्मावली त्यानेच तलवार उचलावी, मरणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावं, असा त्या घराचा दंडक आहे आणि बाप तो मुलाला समजावून सांगतो. पासष्टाव्या प्रकरणात नेड स्वतः गुडघ्यावर आहे. शिक्षा फर्मावणारा पोरसवदा राजा तलवारीला हातही लावत नाही. जल्लाद पुढे होतो आणि त्याच्या हातात तीच ‘आइस’ असते. पुस्तक ज्या कृतीने सुरू झालं त्याच कृतीवर येऊन ते उलटं होतं. पळपुट्याने उत्तरेच्या रानात काय पाहिलं होतं हे नेडला कळत नाही, तो न्याय करून मोकळा होतो. शेवटी नेडजवळ खरं काय आहे हे ऐकून घेणारा कुणी नसतो. इतकी बांधणी एका खंडाच्या आत आहे. आणि मार्टिन ते मरण नेडच्या प्रकरणात दाखवत नाहीत. गर्दीत अडकलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात दाखवतात, जिला एक म्हातारा घट्ट धरून ठेवतो आणि बघू देत नाही. इतकी प्रकरणं ज्या माणसाच्या डोक्यात आपण राहिलो त्याला आपण शेवटी बाहेरून, दुरून पाहतो. मला हा सगळ्या पुस्तकातला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

त्यानंतर सात प्रकरणं उरतात. तुमच्यासाठी सगळ्यांत उपयोगी धडा या सातांत आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. नेडच्या मरणाची बातमी विंटरफेलला, म्हणजे त्याच्या वाड्यावर पोचते. थोरल्या मुलीला, सान्साला, बुरुजावर नेऊन बापाचं डोकं दाखवलं जातं. समुद्रापलीकडे डेनेरिस, उलथलेल्या राजवंशातली मुलगी, नवऱ्याला वाचवायच्या धडपडीत सगळं गमावते. राणीचा भाऊ टिरियन, त्याचा बाप त्याला राजधानीत प्रधानाच्या जागी पाठवतो. नेडचा अनौरस मुलगा जॉन भिंतीवरचा पहारा सोडून भावाकडे पळतो, मित्र त्याला परत आणतात. थोरल्या मुलाला, रॉबला, त्याचे सरदार उत्तरेचा राजा म्हणून डोक्यावर घेतात. आणि डेनेरिसच्या चितेतून तीन ड्रॅगन बाहेर येतात. मालिकेचं पुढचं दार प्रत्येक प्रकरणाने उघडलं आहे, पण हे दार उघडायला आधीचं घर पडावं लागलं. आधी परिणाम, मग आश्वासन. तुमच्या पाच खंडांच्या आराखड्यात पहिल्या खंडाच्या शेवटी फक्त आश्वासनं असतील, तर वाचकाला ती हुंड्या वाटतील, ज्यांच्यामागे रोकड नाही.

नावांच्या गर्दीबद्दल तुम्ही लिहिलंय. तिथेही मार्टिन यांनी केलेली सोय सहजी लक्षात येत नाही. आठ दृष्टिपात्रांपैकी सहा एकाच वाड्यात राहतात: नवरा, बायको, दोन मुली, एक मुलगा आणि अनौरस मुलगा जॉन. सातवा टिरियन त्याच वाड्यात पाहुणा म्हणून येतो. फक्त डेनेरिस दूर समुद्रापलीकडे. म्हणजे वाचक आधी एका घरात राहायला जातो. कोण कुणाशी फटकून वागतं, जेवणाच्या पंगतीत जॉनला कुठे बसवतात, आर्याला भरतकाम का जमत नाही, हे त्याला कळतं. सहा भावंडांना लांडग्याची सहा पिल्लं मिळतात आणि प्रत्येकाने आपल्या पिल्लाला काय नाव दिलं यावरून स्वभाव लक्षात राहतो. मग ते घर फुटतं. बाप आणि मुली दक्षिणेला, जॉन उत्तरेच्या भिंतीवर, आई समुद्रमार्गे राजधानीला आणि तिथून डोंगरात, ब्रॅन पांगळा होऊन घरीच. ज्या दिशेला घरातलं माणूस जातं त्या दिशेचा प्रदेश आपल्याला कळतो. जगाचा नकाशा एका कुटुंबाच्या पांगण्यातून उलगडतो, त्यामुळे कुठल्याही नव्या गावात आपलं कुणीतरी असतं. पुस्तकाला जोडलेले नकाशेसुद्धा फक्त वेस्टेरॉसचे, म्हणजे राजधानी आणि विंटरफेल ज्या भूमीवर आहेत तिच्या उत्तर आणि दक्षिण भागाचे आहेत. डेनेरिस सगळा खंडभर नकाशाबाहेर हिंडते, आणि आपल्याला त्याची अडचण होत नाही, कारण तिची कथा मुलखाची नाही, एका विकल्या गेलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या मनाची आहे.

डेनेरिसचा धागा किती स्वतंत्रपणे विणला आहे याचा एक पुरावा आहे. पुस्तक यायच्या आधी जुलै १९९६ मध्ये तिची प्रकरणं एका अमेरिकन मासिकात स्वतंत्र दीर्घकथा म्हणून छापली गेली आणि त्या कथेला १९९७चा ह्यूगो हा विज्ञान आणि अद्भुत कथांसाठीचा पुरस्कार मिळाला. उरलेल्या पुस्तकाशी तिला जोडणारा दोरा मुख्यतः एकच आहे: ती गरोदर असल्याची बातमी राजधानीत पोचते, राजा तिला मारायचं ठरवतो, नेड त्याला विरोध करून पद सोडतो, तिकडे विषाची दारू विकणारा पकडला जातो आणि तिचा नवरा समुद्र ओलांडायची शपथ घेतो. एका टोकाला हललेली गोष्ट दुसऱ्या टोकाला ऐकू येते, तीही उशिरा. तुमच्या खंडात दूर चालणारं उपकथानक असेल, तर ते काढून वेगळं ठेवून बघा. एकटं उभं राहतं का? राहत नसेल तर ते अजून भाषणाच्या स्वरूपात आहे.

आता इतिहास कसा सांगायचा, या तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. तुमचा खर्डा मी पाहिलेला नाही, पण ‘जग छान उभं राहिलंय’ या वाक्यावरून अंदाज येतो. त्या जगाच्या राजवंशांची, लढायांची, देवांची माहिती पानोपानी आलेली असणार. मार्टिन यांच्याकडे माहिती कमी नाही. कथा सुरू होण्याच्या पंधराएक वर्षं आधी एक बंड झालं, एक राजवंश उलथला, नेडची बहीण त्यात मेली. नेडच्या बाजूने हे पहिल्यांदा कळतं ते त्याच्या पहिल्या प्रकरणात. राजा रॉबर्ट लांबचा प्रवास करून विंटरफेलला पोचतो आणि जेवणाआधी, हातपाय धुण्याआधी, आधी नेडच्या त्या बहिणीच्या, लियानाच्या थडग्यापाशी जायचं म्हणतो. राणी त्याला अडवू पाहते, आणि तो तिच्याकडे नुसता बघतो. मग तळघरात दोन मित्र कंदिलाच्या उजेडात उभे राहून बोलतात, आणि एकाला सूड आठवतो, दुसऱ्याला एक वचन आठवतं, ज्याबद्दल तो कुणाशी बोलत नाही. इतिहास तेव्हाच येतो जेव्हा तो कुणालातरी टोचतो. हा नियम मी माझ्या लेखकांना सांगतो आणि त्याला अपवाद फार थोडे सापडतात. खर्ड्यातला इतिहासाचा परिच्छेद घ्या आणि विचारा, हा ऐकताना खोलीतल्या कुणाचा चेहरा बदलतो? कुणाचाच बदलत नसेल तर तो परिच्छेद तुमच्या वहीत राहू द्या.

उपोद्घाताचं काम याच्याशी जोडलेलं आहे. त्यात भिंतीपलीकडे गेलेल्या तीन पहारेकऱ्यांची वीसेक पानांच्या आतली कथा आहे. त्यातून वाचकाला एकच गोष्ट कळते: बर्फातले ते जीव खरे आहेत. त्यानंतर सबंध खंडभर राजे, प्रधान, राण्या गादीसाठी भांडतात आणि त्यांच्यापैकी कुणालाही हे माहीत नसतं. वाचकाला माहीत असतं. त्यामुळे दरबारातल्या साध्या वादावरही एक सावली पडते. अनेक हस्तलिखितांत उपोद्घात म्हणजे हजार वर्षांपूर्वीची भविष्यवाणी किंवा विश्वाच्या उत्पत्तीची कथा असते. ती वाचकाला काही देत नाही, उलट त्याच्याकडून लक्षात ठेवायचं काम मागते.

मध्ययुग हा तुमचा शब्द आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर. घोडे, किल्ले आणि तलवारी यांनी मध्ययुग होत नाही. मार्टिन यांचं जग मध्ययुगीन वाटतं ते वारसा, कर्ज, अंतर आणि कायदा या चार गोष्टींमुळे, आणि या चारही गोष्टी कथानक हलवतात.

कर्जाचं उदाहरण बघा. नेड राजधानीत येतो तेव्हा पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत त्याच्या मानाप्रीत्यर्थ भरणाऱ्या स्पर्धेचा खर्च निघतो. विजेत्याला चाळीस हजार सुवर्णमुद्रा, दुसऱ्याला वीस हजार, घोळक्याच्या लढाईतल्या विजेत्याला वीस, तिरंदाजाला दहा. एकूण नव्वद हजार. आणि खजिना रिकामाच नाही, साठ लाखांहून अधिक कर्जात आहे, त्यातलं निम्मं राणीच्या बापाचं. या एका संवादातून राजा कसा आहे, राणीचं माहेर का डोईजड आहे आणि नेडला पुढे शिपाई विकत घ्यावे लागतील तेव्हा तो का हरेल, हे सगळं ठरून गेलं. आकडे तुमच्याकडेही असतील. ते कुणाच्या गळ्याभोवती आवळले जातात ते बघा.

अंतराचं तर पुस्तकभर काम आहे. राणीची दुमजली गाडी ओढायला चाळीस घोडे लागतात आणि ती किल्ल्याच्या दरवाजातून आत मावत नाही. नेड रस्त्याने राजधानीला जातो. त्याची बायको नंतर निघून समुद्राने त्याच्याआधी पोचते. परतीच्या वाटेवर चौरस्त्यावरच्या खाणावळीत तिची आणि टिरियनची गाठ पडते आणि ती त्याला कैद करते. बातमी जिथे जशी पोचते तशी माणसं चुकीचं वागतात: राजधानीच्या रस्त्यात राणीचा जुळा भाऊ जेमी नेडवर चालून जातो, राणीचा बाप टायविन लॅनिस्टर नद्यांच्या मुलखात गावं जाळायला माणसं पाठवतो. युद्ध एका खाणावळीत पेटतं, कारण त्या जगात रस्ते थोडे आहेत आणि प्रवाशाला तिथे थांबावंच लागतं. पुढे रॉबच्या सैन्याला नदी ओलांडायची असते आणि सोयीच्या जागी पूल एकच. पुलाचा मालक वॉल्डर फ्रे पैशांत टोल घेत नाही. रॉबचं आणि आर्याचं लग्न आपल्या घरात ठरवून घेतो. हा कौल पुढे कुठे जातो ते सांगत नाही. इतकंच पाहा की भूगोलाचं सोयरिकीत आणि सोयरिकीचं कर्जात रूपांतर झालं.

वारशाचा धागा सरळ इंग्लंडच्या इतिहासातून आला आहे. १४५५ ते १४८७ या काळात यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांत झालेल्या गुलाबांच्या युद्धांचा आधार मार्टिन यांनी स्वतः मान्य केलेला आहे, आणि स्टार्क–लॅनिस्टर ही नावंच तो सांगतात. पण खरं शिकण्यासारखं आहे ते त्यांनी इतिहास कसा मोडून वापरला ते. राजा चौथा एडवर्ड तरुणपणी नावाजलेला योद्धा, पुढे सुटलेल्या देहाचा. तो ९ एप्रिल १४८३ रोजी मेला. मागे बारा आणि नऊ वर्षांची मुलं. त्याचा भाऊ रिचर्ड संरक्षक, म्हणजे नवा राजा वयात येईपर्यंत कारभार पाहणारा झाला. १३ जून रोजी त्याने राजाचा निष्ठावंत मित्र लॉर्ड हेस्टिंग्ज याला बैठकीतच पकडवून त्याच दिवशी त्याचं डोकं उडवलं. मग मुलं अनौरस ठरवली गेली आणि ६ जुलैला रिचर्डचा राज्याभिषेक झाला. आता नेड बघा. मरता राजा त्याला संरक्षक नेमतो, मुलं औरस नाहीत असं तोच म्हणतो: इथवर तो रिचर्ड आहे. पण तो राजाचा निष्ठावंत मित्र आहे आणि दरबारात विश्वासघाताने पकडला जातो: इथे तो हेस्टिंग्ज आहे. इतिहासात जो मारणारा आणि जो मेला, ते दोघे मिळून एक माणूस केला आहे. शिवाय इतिहासात संशयास्पद वाटणारा अनौरसपणाचा दावा इथे खरा आहे. म्हणून इतिहास जाणणाऱ्या वाचकालाही पुढे काय होणार ते ओळखता येत नाही. आणि नेडच्या मरणानंतर कोवळ्या रॉबला सरदार राजा करतात, तिथे १४६० सालच्या डिसेंबरात मारला गेलेला ड्यूक ऑफ यॉर्क आठवतो, ज्याचं डोकं कागदी मुकुट घालून यॉर्कच्या वेशीवर लावलं होतं, आणि दोनच महिन्यांनी राजा म्हणून घोषित झालेला त्याचा अठरा वर्षांचा मुलगा.

भिंतीची गोष्टही अशीच. मार्टिन १९८१ मध्ये उत्तर इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीवर उभे राहिले होते. ती भिंत इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतली, लांबी सुमारे ११७ किलोमीटर. तिथे उभा राहिलेला रोमन शिपाई उत्तरेकडे बघताना काय मनात आणत असेल, या विचाराचं त्यांनी तीनशे मैल लांब, सातशे फूट उंच बर्फाचं केलं. माप वाढवलं, पण शिपायाची भीती तशीच ठेवली.

कायद्याबद्दल एकच. टिरियनवर खुनाचा आरोप येतो तेव्हा तो द्वंद्वाने न्याय मागतो आणि एक भाडोत्री शिपाई त्याच्या वतीने लढतो. हे कल्पित नाही. पॅरिसमध्ये १३८६च्या डिसेंबरात ‘पार्लमाँ’ या वरिष्ठ न्यायालयाच्या परवानगीने असं द्वंद्व झालं होतं, आणि इंग्लंडच्या कायद्यातून ही तरतूद रद्द व्हायला १८१९ उजाडलं. इथे मला तुमच्यासाठी कळकळीने सांगावंसं वाटतं. तुम्ही मराठीत लिहिता. आपल्याकडे वतनाच्या भांडणांचे महजर आहेत, गोतसभेचे निवाडे आहेत, तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचं रवादिव्य आहे, पाटीलकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाऊबंदकी आहे. मार्टिन यांनी आपल्या भाषेच्या इतिहासातून जे उचललं त्या तोडीचं हे सामान आहे. ते जसंच्या तसं न घेता, रिचर्ड आणि हेस्टिंग्ज यांचं त्यांनी केलं तसं मोडून, जोडून घ्या. तुमच्या कल्पित राज्यात बॅरन आणि नाइट असण्याची काहीच गरज नाही.

पुस्तकात उणं काही नाही असं समजू नका. डेनेरिसच्या नवऱ्याच्या जमातीचं, घोड्यांवर हिंडणाऱ्या डोथ्राकी लोकांचं चित्र मला कच्चं वाटतं. वेस्टेरॉसमध्ये कोण कुणाचं किती देणं लागतो हे माहीत असलेला लेखक गवताळ मुलखातल्या या लोकांचं पोट कशावर चालतं हे नीट सांगत नाही. ते लुटतात, खंडणी घेतात, घोड्याचं मांस खातात. अशाच गवताळ मुलखातल्या खऱ्या मंगोलांच्या जगण्यात मेंढ्या, दूध, लोकर, कुरणांचे हंगाम यांचा मोठा वाटा होता. डेनेरिस त्यांच्यात बाहेरून आली म्हणून आपल्याला एवढंच दिसतं, असं समर्थन करता येईल, पण ती तिथली राणी होते, तेव्हा ते पुरत नाही. तुमच्या जगात जे लोक ‘पलीकडचे’ असतील त्यांच्याही चुली तुम्हाला ठाऊक असायला हव्यात.

तुम्ही म्हणाल, मग टॉल्किन यांच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’चं काय? ते १९५४च्या जुलैमध्ये आलं आणि त्यात गोष्ट संपत नाही. पण टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा एकच ग्रंथ लिहिला होता. युद्धानंतरच्या महागाईत एवढा मोठा ग्रंथ छापणं प्रकाशकाला परवडेना म्हणून त्याचे तीन भाग झाले, आणि उरलेले दोन ऑक्टोबर १९५५पर्यंत वाचकांच्या हातात होते. तुमचे पुढचे चार खंड अजून लिहायचे आहेत. मार्टिन यांचंही तसंच होतं. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या एजंटला पत्रातून जो आराखडा कळवला तो तीन खंडांचा होता, आणि त्यातलं बरंचसं पुढे बदललं. पहिला खंड लिहिता लिहिता इतका फुगला की त्यातला भाग काढून दुसऱ्यात घालावा लागला. तो दुसरा १९९८ मध्ये आला. तिसरा २००० मध्ये, चौथा २००५ मध्ये, पाचवा २०११ मध्ये. सहाव्याची वाट वाचक अजून पाहताहेत. तीन दशकं पहिला खंड स्वतःच्या पायांवर उभा राहिला, कारण खंड कुठे तोडायचा हे त्यांनी नुसती पानं मोजून ठरवलं नाही. नेड मेला, त्याचे परिणाम दिसले, आणि तिथे तोडलं.

तेव्हा तुमच्या सहाशे पानांचं काय करायचं? आधी ठरवा की या खंडात कुणाचं आयुष्य संपतं किंवा कायमचं फिरतं. ते माणूस मालिकेचं नायकपात्र असायलाच हवं असं नाही, नेडही नव्हता. त्या माणसाची सगळी प्रकरणं बाजूला काढून सलग वाचा. त्यात सुरुवात, गुंता आणि शेवट नसेल तर बाकीच्या पानांना हात लावू नका, आधी एवढंच लिहून पुरं करा. मग उरलेलं एकेक प्रकरण त्याच्याशेजारी ठेवा. जे त्या माणसाच्या निर्णयामुळे घडतं, किंवा ज्यामुळे त्याचा निर्णय घडतो, ते राहील. जे फक्त तिसऱ्या खंडात उपयोगी पडणार आहे ते तिसऱ्या खंडाच्या फायलीत टाका, फेकू नका. माझ्या अनुभवाने अशा खर्ड्यातून तिसरा हिस्सा तरी सुटतो, आणि लेखकाला जे जग हातातून जाईल असं वाटत असतं ते उरलेल्या पानांत जास्त ठसठशीत दिसतं.

घराण्यांची वंशावळ आणि नावांची यादी मार्टिन यांच्याप्रमाणे पुस्तकाच्या मागे छापा. पुढे छापली तर वाचक ती पाठ करायला बसतो. दृष्टिपात्रं किती आहेत ते मोजा आणि सुरुवातीच्या शंभर पानांत त्यातली बहुतेक एका छपराखाली आणता येतात का ते बघा. आणि नवा खर्डा तयार झाला की तो अशा कुणाला द्या, ज्याला ही पाच खंडांची मालिका आहे हे माहीतच नाही. वरच्या पानावरून ‘खंड पहिला’ हे शब्द काढून टाका. वाचून झाल्यावर त्याला पुढे काय होईल असं वाटतं, हे नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, की यात काय झालं. त्याने दोन-तीन वाक्यांत, कुणाचं तरी नाव घेऊन सांगितलं, तर छापायला द्या.